लगाम धरणारा लोखंडी हात

आमच्या वर्कशॉपमध्ये नवा पेशंट आला की मी आधी एकच विचारतो, हात कशाला हवाय? बहुतेक जण गोंधळतात. हात तो हात, त्यात कशाला काय विचारायचं! या बाईंनी मात्र ताडकन सांगितलं, "लगाम धरायला. बाकीचं डाव्या हाताने भागतंय."

मी मूळचा मुंबईचा, आणि कृत्रिम हात-पाय बसवण्याचं काम दक्षिण जर्मनीत करतो. बाई पन्नाशीच्या, घोड्यांचा तबेला चालवणाऱ्या. लाकडं फोडायच्या यंत्रात उजवा हात मनगटापासून गेलेला. विम्यातून मायोइलेक्ट्रिक हात मंजूर झाला होता, म्हणजे कोपराखालचे स्नायू आवळले की त्वचेवरचे इलेक्ट्रोड ते ओळखतात आणि मोटर बोटं उघडते, मिटते. टेबलावर तो झकास चालायचा. पेला उचल, पेन धर, सगळं जमायचं. म्हणून शेवटची चाचणी तबेल्यातच घ्यायची ठरली.

तिथे घोडीने माशी हाकलायला मान खाली टाकली. लगाम ओढला गेला, बाईंचे स्नायू आपसूक आवळले, आणि बोटं चक्क उघडली. पुन्हा प्रयत्न केला तर उलट झालं, घट्ट मिटली ती सुटेचनात. त्यात घामाने इलेक्ट्रोड सरकायला लागले.

"हे मोटरचं नाटक नको," बाई वैतागल्या. "आमच्या ग्योट्सचं कसं जमत होतं? चला, दाखवते." चिखलाच्या बुटांनिशी आम्ही त्यांच्या गाडीतून याग्स्टहाउझेनला, ग्योट्सच्या घराण्याच्या गावी, गेलो.

ग्योट्स फॉन बेर्लिशिंगेन हा याच भागातला छोटा सरदार. जन्म १४८०च्या आसपासचा, हाताशी जमीन थोडी, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन मिळेल त्या राजाकडे चाकरी करणारा शिलेदार. १५०४ साली लांड्सहूटच्या वारसायुद्धात तो बव्हेरियाच्या ड्यूक आल्ब्रेख्तच्या बाजूने लढत होता. तोफ डागली न्यूर्नबर्गकरांनी, म्हणजे त्याच्याच पक्षातल्यांनी. गोळा तलवारीच्या मुठीवर बसला, मूठ दुभंगून हातात घुसली आणि पंजा नुसत्या कातड्यावर लोंबकळत राहिला. म्हातारपणी त्याने आठवणी सांगून लिहवून घेतल्या, त्यात हे सगळं आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला एका हाताने लढणारा एक ओळखीचा माणूस आठवला आणि धीर आला, असंही तो सांगतो. चोविशीतला पोरगा होता तेव्हा.

याग्स्टहाउझेनच्या संग्रहालयात काचेमागे त्याचे दोन लोखंडी हात आहेत. पहिला साधा. दुसऱ्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. प्रत्येक बोट वेगळं वाकतं, पेरागणिक सांधा, आणि प्रत्येक सांध्यात दातेरी चाक. डाव्या हाताने बोट दाबत जायचं, दात्यादात्यावर अडकत ते मिटतं, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. बटण दाबलं की स्प्रिंगच्या जोराने पुन्हा सरळ. वजन सुमारे दीड किलो, आमच्या मोटरच्या हाताच्या जवळजवळ तिप्पट. हे नुसत्या लोहाराचं काम नाही, कुलपं करणाऱ्याचं डोकं त्यात आहे.

लोक म्हणतात, या हाताने तो तलवार गाजवायचा. मला नाही पटत. घाव घालताना सगळा झटका चाकाच्या दात्यात अडकणाऱ्या इवल्या खिटीवर येणार. माझ्या मते हा हात धरून ठेवण्यासाठी होता. एकदा लगाम अडकवला की विसरून जायचं, लढायला डावा मोकळा.

आणि या हातावर माणसाने चाळीस वर्षं धंदा केला. धंदाच म्हणायचा. १४९५ला वर्म्सच्या सभेत खासगी वैरयुद्धांवर कायमची बंदी आली, पण छोट्या सरदारांचं पोट त्यावरच चालायचं. १५१२ला लाइपझिगच्या जत्रेहून परतणारे व्यापारी त्याने फोर्कहाइमजवळ लुटले, न्यूर्नबर्गशी हाडवैर म्हणून. सम्राट माक्सिमिलियनने त्याला कायद्याबाहेर काढलं, म्हणजे कायद्याचं संरक्षणच काढून घेतलं. ते उठवायला १४,००० गुल्डन, म्हणजे तेव्हाची नाणी, मोजावे लागले. पुढे वाल्डेकच्या काउंटला धरून खंडणी उकळली. १५१९ला म्योकम्यूल हे गाव राखताना पकडला गेला आणि १५२२पर्यंत हाइलब्रॉनमध्ये अडकला. १५२५च्या शेतकरी बंडात ओडेनवाल्डच्या टोळीचा म्होरक्या झाला, पण निर्णायक लढाईआधीच सटकला. आपल्यावर जबरदस्ती झाली, असं त्याचं म्हणणं. असेलही, पण आठवणी लिहवून घेणारा माणूस स्वतःची बाजू मांडणारच.

त्या बंडापायी १५२८ ते १५३० आउग्सबुर्गच्या कैदेत गेली. सुटका झाली ती अट घालून, की हॉर्नबेर्गच्या गढीची हद्द सोडायची नाही, घोड्यावर बसायचं नाही. १५४०पर्यंत.

"दहा वर्षं घोडा नाही?" बाई मोठ्याने म्हणाल्या. हाताकडे त्यांनी फारसं बघितलंही नव्हतं, तो लहानपणापासून पाठ. मी म्हटलं, बंदी उठली तेव्हा साठी आली होती, तरी १५४२ला तुर्कांविरुद्ध हंगेरीच्या मोहिमेवर आणि १५४४ला फ्रान्सवर सम्राट पाचव्या चार्ल्सबरोबर गेलाच. १५६२ला वारला, अंथरुणात.

"मग मला तसलाच हात द्या."

तो मात्र देता येणार नव्हता. घोड्यावरून पडताना लगामात हात अडकला की माणूस फरफटत जातो. ग्योट्सचा हात बटण दाबल्याशिवाय सुटत नाही, आणि बटण दाबायला डावा हात रिकामा लागतो. त्याच्या धंद्यात तो धोका परवडत असेल, माझ्या सहीने नाही.

मोटरचा हात घरच्या कामापुरता ठेवला. तबेल्यासाठी त्याच सॉकेटवर, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या खोळीवर, बसणारा बिनमोटरचा आकडा केला. लगाम त्यात अडकतो, आणि ओढ ठरावीक जोरापलीकडे गेली की स्प्रिंगचं टोक मागे सरून सुटतो. तो जोर किती असावा, यावरून आमची अजून हुज्जत चालू आहे. मी स्प्रिंग सैल करून देतो, बाई घरी जाऊन पाना घेऊन आवळतात.