मी बसते इथंच

रविवार, रात्री साडेअकरा. बोरिवली.

आई झोपली. गुडघ्यांना चोळलेल्या मलमाचा वास खोलीभर पसरलाय. मला झोप नाही.

तसं झालं काहीच नाही. कान्हेरीला गेलो, लेणी बघितली, परत आलो. पण तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत आई म्हणाली, "तू जा गो वर, मी बसते इथंच." तेवढंच. ते डोक्यातून जात नाहीये.

मी बसते इथंच. आई!

चौलच्या दत्ताच्या डोंगरावर दर दत्तजयंतीला माझ्या पुढे चढणारी बाई. मी लहानपणी मध्येच पायरीवर फतकल मारायचे, तर वळून नुसती बघायची आणि पुन्हा चालू लागायची. मग झक्कत उठावं लागायचं. तिनं कधी "बसते" म्हटल्याचं मला आठवत नाही.

की आठवतंय? गेल्या दत्तजयंतीला ती पायथ्याशीच थांबली होती, खेळण्यांच्या दुकानापाशी. म्हणाली, गर्दी फार आहे. मी मान्य केलं आणि वर जाऊन प्रसाद घेऊन आले. त्याच्या आदल्या वर्षी? त्या वर्षी आप्पांचं सगळं चालू होतं, कोण कुठे चढलं कुणाला ठाऊक. म्हणजे ती केव्हापासून म्हणतेय आणि मी ऐकलंच नाही, असं झालं का?

कान्हेरी दाखवायची म्हणून किती वर्षं बोलतेय मी. ताईचं घर इथं, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून आत सहा-सात किलोमीटरवर लेणी, बसही जाते. तरी दर वेळी काहीतरी निघालंच. कधी पाऊस, कधी सोमवारची सुट्टी, कधी आमच्या दोघींचं ते. (ते इथं नको.) आणि आता आणलं तर ती ओसरीत बसली. मला रडूच आलं होतं, खरं सांगते. सगळ्यांच्या आया सगळीकडे हिंडून येतात, माझ्याच वाट्याला हा उशीर का, असंही वाटून गेलं.

ती बसली ती त्या मूर्तीसमोर. ओसरीच्या दोन्ही टोकांना समोरासमोर दोन बुद्ध उभे आहेत, डोंगराच्या त्याच दगडात कोरलेले, सुमारे ७ मीटर उंच. आई आधी एकाच्या पायाशी जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या गुडघ्याच्याही खाली. मान मागे टाकून बघत राहिली, पदर खांद्यावरून घसरला तरी भान नाही. उजवा हात खाली सोडलेला, तळवा आपल्याकडे उघडा. त्याला वरद मुद्रा म्हणतात, मी सांगितलं. आई म्हणाली, "काही घ्यायला बोलावतोय असं वाटतं." मग चपला बाजूला काढून भिंतीला टेकून बसली.

मी आत जाऊन आले. आतला चैत्य, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन, सातवाहनांच्या वेळचा, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. दोन व्यापारी भावांनी करवून घेतला. हे बुद्ध त्यानंतर तीनेकशे वर्षांनी आले. आतल्या काही खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि माणसं अगदी निगुतीनं कोरलीत, बाकीचे नुसते अष्टकोनी, साधे. काम तिथंच राहिलं. एरवी मी त्या साध्या खांबांपाशी थांबले नसते. आज थांबले.

मग एकटी वर गेले. दगडात खोदलेल्या पायऱ्या, लेण्यालेण्याच्या तोंडाशी पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेली टाकी, अजून काठोकाठ. शंभरावर लेणी आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी उतरवून साठवायची केवढी सोय! कल्याण, सोपारा अशा गावच्या लोकांनी पैसे दिले, तसे लेख आहेत. त्यात चेमुल आहे. चेमुल म्हणजे आमचं चौल. चेमुलच्या एकानं इथं वाट दान दिल्याचा लेख आहे. आमच्या गावच्या माणसानं लोकांना चढता यावं म्हणून या डोंगरावर वाट करून दिली, आणि आमच्या गावची माझी आई खाली बसलेली. त्या पायऱ्यांवर पुढे जाववेना. निम्मी लेणी न बघताच उतरले.

खाली आले तर आई होती तशीच. पाण्याच्या बाटलीत निम्मं पाणी. "तू वरून उन्हातून येणार, म्हणून ठेवलं." ती स्वतः घोटभरच प्यायली असावी. माझ्या डोळ्यांकडे बघून काही विचारलं नाही. परतताना बसमध्ये खिडकीची जागा मला दिली.

आता हे लिहिताना वाटतंय, तिला वाईट वाटलं असं मी कशावरून धरून चालले? तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणला तर तो तसा नव्हता. पाय पसरून, मांडीवर पिशवी घेऊन ती त्या बुद्धाकडे बघत होती, आपल्या घरच्या पडवीत बसावं तशी. कोपऱ्यात बसून रडवेली झालेली मी होते, ती नव्हे.

मघाशी दिवा मालवताना तिनं विचारलं, "वर काय काय होतं गो?"

मी सांगितलं. छोट्या छोट्या खोल्या, भिक्षूंना निजायला दगडी ओटे, पाण्याच्या टाक्या, लेण्यांच्या ओसऱ्यांत दगडाचे बाक.

"बाक आहेत?"

"पुष्कळ लेण्यांना आहेत."

"मग आधी सांगायचंस की. बसत बसत आले असते." थोडा वेळ गप्प. मला वाटलं झोपली. "उद्या उघडं असतं का?"

"उद्या सोमवार. बंद."

"मग परवा जाऊ," म्हणाली आणि कुशीवर वळली.