तुम्ही विचारलंत म्हणून: माय एवढा पैसा कुठून आणायची?

मायचा, म्हणजे माझ्या आजीचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच. ऑफिसात, सासरवाडीला, परवा तर ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या काकांनीही विचारलं. सहा एकर कोरडवाहू कापूस-तुरीवर घर चालवणारी बाई, शाळेची पायरी न चढलेली, तिने म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करून आणली, बाळंतिणींना तेल-गूळ पुरवला, गावाच्या कार्यांसाठी भांड्यांचा अख्खा संच उभा केला, तर पैसा आला कुठून? कुठली संस्था होती का मागे, मानधन मिळायचं का?

नाही. ती मागायची. उत्तर एवढंच आहे, पण तेवढ्याने लोकांचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माय म्हणजे बाबांची आई. गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंबपासून आत. मागायची लाज नसणं हे तिने माहेराहून आणलं होतं असं मला वाटतं. माहेर दर्यापूरकडचं. गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ गेले तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती, त्याच्या आधी कधीतरी तिने त्यांना पाहिलं होतं, दिवसभर गावातली घाण झाडणारा माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिला हे ती शेवटपर्यंत सांगायची. त्या माणसाने लोकांकडून मागून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःजवळ मात्र ठेवलं ते गाडगं. सासरी आली तर इथे तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ, रोज संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. त्यांची ग्रामगीता तिने वाचली नाही, ऐकून ऐकून ओव्या पाठ केल्या. महाराजांच्या पुण्यतिथीला ती मोझरीला त्यांच्या आश्रमात जायची आणि ज्या वर्षी जाणं जमायचं नाही त्या वर्षी संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, शेतात असेल तिथे विळा खाली ठेवून उभी राहायची. कापसाच्या पऱ्हाटीत अशी हात जोडून उभी असलेली मी तिला पाहिलीय.

आता मागायची कशी ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. कोणाच्या घरी गेली की ओट्यावर टेकायची, पाणी मागायची, मग वासरू दूध पिते का, पोरीचं कुठं जमलं का, असं पंधरा मिनिटं चालायचं आणि उठता उठता, लुगड्याचा काठ झटकत, "तुह्याकडून मले दोन पायली ज्वारी लागते वं, बुधवारी पोट्टा पाठवतो" असं म्हणायची. द्याल का असं कधी विचारलं नाही, लागते असं सांगायची. आणि ज्याच्याकडे जे आहे तेच मागायची, मोठ्या घरी बंडी आणि बैल, गुरुजींकडे अर्ज लिहून घ्यायचे, किराणावाल्याकडे गूळ, सुताराकडे अर्धा दिवस. गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची, रोजमजुरी, घरात चूल पेटेल की नाही अशी परिस्थिती, माय तिच्याकडेही जायची आणि मूठभर तूर घेऊन यायची. मी कॉलेजात होतो तेव्हा, रक्त गरम, मी चिडलो, म्हटलं तिच्याकडून काय घेतेस, तिलाच द्यायला पाहिजे. माय सुपात तूर पाखडत होती, मान वर न करता म्हणाली, "तिले नाही मांगतलं त तिले वाटीन आपून गावातच नाही."

मला हे वाक्य समजायला खूप वर्षं लागली. त्या म्हातारीला तापात कोणी ना कोणी भाकर नेऊन द्यायचं, आणि ती घ्यायची, कारण तिचीही मूठ त्या पोत्यात पडलेली असायची.

भांडी तशीच आली. चार गंज म्हणजे मोठी पातेली, सहा पराती, कोपरं, झारे, शंभराच्या वर ताटं. कोणी लग्नात गंज दिला, कोणी तेरवीचा खर्च आटोपता घेऊन त्यातून पराती दिल्या. आमच्या माजघरात ठेवलेली असत आणि वहीत नोंद आईच्या हातची. मायची अट एकच, भांडी घासून परत यायला पाहिजेत, नाही आली तर ती स्वतः राख घेऊन त्यांच्या अंगणात बसायची, मग घरच्या बायका धावत यायच्या. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं, पोलिओचा रविवार असला की मी सायकल हाणायचो आणि ती मागे बसून वीटभट्टीवर जायची, बाहेरून आलेल्या मजुरांची पोरं बूथवर येत नसत, ही प्रत्येकाची करंगळी धरून शाई लागलीय का बघायची. ग्रामस्वच्छता अभियान वगैरे नंतर आलं, झाडू तिच्या हातात आधीच होता.

सगळ्यात जास्त जीव मात्र डोळ्यांच्या कामात. मोतीबिंदू झालेली माणसं गावात आंधळी म्हणून खाटेवर बसून राहायची, आता वय झालं म्हणत. ती चार-पाच जण गोळा करायची आणि एसटीने देवळी, वर्धा करत सेवाग्रामला कस्तुरबा दवाखान्यात न्यायची. ऑपरेशन झालं की खरं काम घरी असायचं, डोळ्यात थेंब वेळेवर टाकायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही. तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिने प्रत्येकाच्या घरी खाटेजवळच्या भिंतीवर कोळशाने रेघा चालू केल्या, एकदा थेंब टाकले की एक उभी रेघ, दिवसाच्या सगळ्या वेळा झाल्या की त्यांच्यावर एक आडवी. संध्याकाळी फिरून रेघा मोजायची. एक कमी दिसली की त्या घरच्या सुनेचं काही खरं नसायचं.

आणि आता जे लिहितोय ते मी सहसा कोणाला सांगत नाही. स्वतःसाठी तिने कधी काही मागितलं नाही, आणि लोक याला मोठेपणा म्हणतात, मला म्हणवत नाही. शेवटी शेवटी ती दिव्यात तेल घालताना बाहेर सांडवायला लागली, उंबऱ्याला अडखळायला लागली, विचारलं की "कायचं काय, अंधार होता." दिवसाढवळ्या. आम्ही ऐकून घेतलं, कारण डोळ्यांचं मायपेक्षा जास्त कोणाला कळणार. शेवटी जबरदस्ती नेलं तर मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. मोतीबिंदूत ऑपरेशनने बहुतेकदा दिसायला लागतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, औषधाने फक्त उरलेली सांभाळायची. एक डोळा गेलाच होता. दोन वर्षं आधी एवढंच म्हणाली असती, पोरा, मले सेवाग्रामले ने, तर? अख्ख्या गावाला लागते म्हणून सांगणारी बाई, तिच्या तोंडून स्वतःसाठी तो शब्द निघाला नाही. मला याचा राग आहे, अजूनही आहे, आणि त्यातला अर्धा राग माझ्यावर आहे.

दुसऱ्या डोळ्यासाठी थेंब सुरू झाले. भिंतीवर रेघा आई मारायची, आणि माय रोज बोटाने चाचपून मोजायची.

ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तेरवी केली नाही, तिनेच सांगून ठेवलं होतं, प्रार्थना झाली आणि घरोघरून आलेल्या डाळ-तांदळाची खिचडी तिच्याच गंजांत शिजली.

वही आईकडेच आहे, मागायला आता आई जाते. मी नागपूरला. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, पाच जण आहेत, दोघांना एसटीत चढवत नाही, गाडी लागते. मी म्हटलं बघतो. आई म्हणाली, बघू नको, विचार कोणाले तरी. ऑफिसात माझ्या पलीकडे बसतो त्याच्याकडे मोठी गाडी आहे, तीन वर्षांत आमचं चहापलीकडे बोलणं नव्हतं. जेवायच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसलो, मुलीच्या दहावीचं विचारलं, गावाकडचं विचारलं आणि उठता उठता म्हटलं, सोमवारी तुमची गाडी लागते.

तो स्वतःच चालवणार आहे. पहाटे चारला निघतोय.