न्या चांगची पो नगर देवी: दोनदा गेलो तेव्हा कुठे नीट दर्शन झालं

व्हिएतनाममधल्या न्या चांगला लोक समुद्रासाठी जातात, आम्हीपण त्यासाठीच गेलो होतो. मी, नवरा आणि आई. डा नांगहून रात्रीच्या ट्रेनने सकाळी पोचलो आणि हॉटेलवर बॅगा टाकून एका सिटी टूरमध्ये बसलो, त्यात पो नगर देवीच्या देवळाला मिळाली फक्त ४० मिनिटं, तीपण भर दुपारी. वर विटांचे बुरुज तापलेले, बायकांचे फोटो ग्रुप, मुख्य देवळासमोर लाइन. आईला आत जेमतेम मिनिटभर उभं राहता आलं. बाहेर आली आणि म्हणाली, अगं, आत देवी आहे, दहा हातांची आहे म्हणतात, मला नीट दिसलीच नाही. मग दुसऱ्या दिवसाचा बोटीचा प्लॅन रद्द केला आणि सकाळी साडेसहाला परत गेलो. हा वृत्तांत त्या सकाळचा आहे, आणि पुढे जाणाऱ्यांना एवढंच सांगणं की टूरमधून जाऊ नका, स्वतः जा, सकाळी जा, आणि जायच्या आधी देवीची गोष्ट वाचून जा, कारण गोष्ट माहीत नसेल तर वर नुसत्या विटा दिसतात.

जागा म्हणजे काय नदीच्या मुखाजवळची छोटी टेकडी. खाली झोम बोंग पूल, पाण्यात निळ्या-लाल मच्छीमार बोटी. इथले लोक याला 'थाप बा' म्हणतात, थाप म्हणजे मनोरा आणि बा म्हणजे बाई, आजी, मोठी मानाची स्त्री. चाम म्हणजे इथले जुने रहिवासी, त्यांच्या भाषेत देवीचं नाव पो इनू नगर, म्हणजे देशाची आई. त्यातला 'नगर' हा आपलाच संस्कृत शब्द, तिथे त्याचा अर्थ शहर न राहता देश झाला. हा भाग एकेकाळी चाम लोकांच्या चंपा राज्यातला कौठार प्रांत होता आणि चाम राजे संस्कृतात शिलालेख कोरायचे. न्या चांगजवळच्याच वो कान्ह गावात सापडलेला संस्कृत शिलालेख आग्नेय आशियातल्या सर्वात जुन्या लेखांपैकी एक मानतात, तो आता हनोईच्या म्युझियममध्ये आहे.

देवळाचा इतिहास तर अंगावर काटा आणतो. इथे आधी लाकडी देऊळ होतं आणि त्यात मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेलं शिवलिंग होतं. हे मुखलिंग विचित्रसगर नावाच्या पुराणकाळच्या राजाने बसवलं असं शिलालेखच सांगतो. ७७४ साली समुद्रातून जहाजं घेऊन लुटारू आले, लेखात त्यांचं वर्णन आहे की काळे, भयंकर, प्रेतांपेक्षा वाईट अन्न खाणारे. त्यांनी देऊळ जाळलं आणि मुखलिंग उचलून नेलं. राजा सत्यवर्मन जहाजं घेऊन त्यांच्या मागे गेला, त्यांना हरवलं, पण लिंग समुद्रात गेलं ते गेलंच. मग ७८४ मध्ये त्याने विटांचं देऊळ बांधून नवीन लिंग बसवलं. पुढे ९१८ साली राजा इंद्रवर्मनने देवी भगवतीची सोन्याची मूर्ती बसवली, ती ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या सैन्याने लुटून नेली आणि ९६५ मध्ये तिच्या जागी दगडाची मूर्ती आली. हे सगळं मी आईला पायऱ्या चढता चढता सांगत होते. ती मधेच थांबून म्हणाली, म्हणजे आपल्याकडेही मूर्ती लपवायच्या, पळवायच्या गोष्टी आहेत तशाच की गं.

आता गोष्ट. चाम लोकांची जुनी कथा अशी की देवी समुद्राच्या फेसातून आणि ढगांतून जन्मली, तिने जमीन केली, भात दिला, अगरूचं म्हणजे सुगंधी लाकडाचं झाड दिलं, आणि तिला ९७ नवरे आणि ३८ मुली होत्या! पुढे व्हिएतनामी लोक इकडे येऊन वसले तेव्हा त्यांनी देवीला सोडून दिलं नाही, तिलाच आपली केलं, नाव ठेवलं थिएन इ आ ना, आणि तिची गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगायला लागले. एक म्हातारं लाकूडतोडं जोडपं, मूलबाळ नाही, डोंगरात कलिंगडाचं शेत. रोज रात्री कोणीतरी कलिंगडं तोडतंय म्हणून म्हातारा पहाऱ्याला बसला तर चांदण्यात एक छोटी मुलगी कलिंगडांशी खेळतेय. तिला घरी आणलं, मुलगी मानलं. एकदा पूर आला, मुलगी दगड रचून स्वर्गातल्या बागेसारखा डोंगर करत बसली, म्हातारा रागावला. तिला वाईट वाटलं आणि पुरात वाहत आलेल्या अगरूच्या ओंडक्यात ती शिरली. ओंडका समुद्रातून उत्तरेच्या देशात किनाऱ्याला लागला. तो कुणालाच उचलेना, राजपुत्राने एका हाताने उचलला. त्यातून मुलगी बाहेर आली, लग्न झालं, दोन मुलं झाली. पण माहेरची आठवण जाईना. एक दिवस मुलांना घेऊन परत त्याच ओंडक्यात शिरून ती घरी आली. म्हातारा-म्हातारी गेलेले होते. तिने त्यांची समाधी बांधली, गावातल्या लोकांना शेती, विणकाम शिकवलं आणि मग पक्ष्यावर बसून आकाशात गेली. नवरा जहाजं घेऊन शोधायला आला, ती जहाजं इथेच वादळात बुडाली.

ही गोष्ट १८५६ साली फान थान झान या मंत्र्याने लिहून काढली आणि तिचा शिलालेख मुख्य मनोऱ्याच्या मागे आहे. बहुतेक लोक मागे जातच नाहीत, तुम्ही जा. माहेरची ओढ लागलेली देवी ऐकून आई एकदम गप्प झाली. आणि अगरू हा या प्रांताचा खरा माल बरं का, अगरबत्तीतला 'अगर' तोच.

खाली मंडप आहे, नुसते अष्टकोनी विटांचे खांब, १० मोठे आणि १२ छोटे, छत आता नाही. मोठे खांब कवेत मावत नाहीत. यात्रेकरू इथे पूजेची तयारी करून समोरच्या उभ्या पायऱ्यांनी थेट देवीसमोर जायचे. त्या पायऱ्या आता बंद आहेत, इतक्या उभ्या आहेत की बघूनच गुडघे दुखतात, आपण बाजूच्या सोप्या पायऱ्यांनी जायचं. पण मंडपात उभं राहून आधी वर बघा, मग कळतं की ही सगळी वाट कशी देवीकडे नेण्यासाठी आखली होती.

वर चार मनोरे उरलेत. मुख्य मनोरा साधारण २३ मीटर उंच, सगळे पूर्वेला म्हणजे समुद्राकडे तोंड करून. चाम भाषेत अशा देवळाला कलान म्हणतात, आत फक्त गाभारा असतो, एकच खरा दरवाजा आणि बाकी तीन बाजूंना विटांतच कोरलेले खोटे दरवाजे. गाभाऱ्यात गेलात की मान वर करा. कमान नाहीये, विटांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत सरकवत वर शेंड्यापर्यंत नेलाय. धुराने काळं झालेलं ते छत बघताना मला आपलीच जुनी देवळं आठवत होती. बाहेर विटांवरून हात फिरवायचा मोह होतो, पण फिरवू नका. दोन विटांमध्ये चुना-सिमेंट दिसतच नाही. झाडाचा चीक वापरला असं एक मत, विटा घासून बसवल्या असं दुसरं. आपल्याकडे हेमाडपंती देवळांत दगड असे बसवलेत, पण विटेत हे काम मी पहिल्यांदा बघितलं. आणि नक्षी विटा रचून झाल्यावर भिंतीवरच कोरलीये. ती बघायला वायव्येच्या छोट्या मनोऱ्याकडे जा, गर्दी नसते आणि कोरीवकाम छान टिकलंय.

बाकीच्या मनोऱ्यांतही गोष्ट चालूच आहे. दक्षिणेच्या मनोऱ्यात लिंग आहे, त्याला स्थानिक लोक देवीचा नवरा मानतात. आग्नेयेला ते लाकूडतोडं जोडपं, वायव्येला तिची मुलं. म्हणजे चाम राजांचं शिवाचं कुटुंब आणि व्हिएतनामी कथेतलं कुटुंब एकाच विटांच्या घरात राहतंय.

सकाळी सातला मुख्य गाभाऱ्यात आम्ही आणि तीन-चार स्थानिक बायका एवढेच होतो. काळ्या दगडाची देवी, अंगावर भरजरी झगा आणि डोक्यावर मुकुट, त्यामुळे दहा हात सहज दिसत नाहीत, आईला काल म्हणूनच कळलं नव्हतं. जुन्या लेखांतली भगवती तीच. आई म्हणाली, तुळजापूरची आहे ही. तिने गेटबाहेरून फुलं आणि फळं घेतली होती. ओटी कशी भरायची हा तिला प्रश्न, तर शेजारच्या आजीने न बोलता तिच्या हातातलं ताट घेऊन देवीसमोर ठेवलं, मग तिला बाहेर धूपपात्रापाशी नेऊन तीन अगरबत्त्या पेटवून हातात दिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाच मिनिटं दोघी हात धरून उभ्या होत्या. मी फोटो काढला नाही, तशीही आत फोटोला मनाई आहे.

आता कामाच्या गोष्टी. ई-व्हिसा आधीच काढा, सिंगल एंट्रीची सरकारी फी २५ डॉलर आहे, अर्ज सरकारी साइटवरूनच करा. विमानाने आलात तर कॅम रान एअरपोर्ट शहरापासून तीसेक किलोमीटर. शहरातून टेकडीपर्यंत ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) स्वस्त पडते, पूल ओलांडला की लगेच. तिकीट आम्हाला ३० हजार डाँगला पडलं, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास, सुटे ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, नसतील तर मुख्य मनोऱ्यापाशी वर घालायला झगा फुकट देतात. पण दुपारी त्या झग्यात घामाघूम व्हायला होतं. चपला बाहेर काढायच्या आणि विटांची फरशी नऊनंतर तापते, मोजे जवळ असू द्या. ज्येष्ठ मंडळी असतील तर मंडपापाशी सावलीत बसवून हळूहळू चढा, चढ फार नाही. आवारात चाम बायका मागावर विणतात, मडकी घडवतात, कधी नाचगाणंही असतं, त्यांच्याकडे थोडा वेळ थांबा, कारण देवी मुळात त्यांची.

शाकाहारी असाल तर 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) हा शब्द पाठ करा, पाटीवर तो दिसला की आत जायचं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहारी खातात, त्या दिवशी जास्त ठिकाणी मिळतं, पण देवळात गर्दीही जास्त. मोठी यात्रा चांद्र तिसऱ्या महिन्याच्या २० ते २३ तारखांना, साधारण एप्रिल-मे. तेव्हा देवीला सुगंधी पाण्याने स्नान घालून नवीन वस्त्रं नेसवतात. हे ऐकल्यापासून आईने पुढच्या यात्रेच्या तारखा काढायला सांगितल्यात, आणि मी काल रात्री चांद्र कॅलेंडर उघडून बसले होते.