रुमालाखालचा सौदा

आमचे एक चुलत आजोबा बैलबाजारात हेडी म्हणजे दलाल होते, रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे, आणि त्यांना शेवटपर्यंत वाटायचं की आपल्याला कोणी फसवूच शकत नाही. गेले चार दिवस पिएर लाव्हालबद्दल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या फ्रेंच पुढाऱ्याबद्दल वाचतोय तर सारखे तेच आठवतायत, बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना.

लाव्हाल म्हणजे कोणी गल्लीतला फितूर नव्हे. शातेल्दों नावाच्या खेड्यातल्या खाणावळवाल्याचा पोरगा, वकील झाला, समाजवादी म्हणून निवडून आला, युद्धाआधीच फ्रान्सचा पंतप्रधान होऊन गेलेला. 1940 ला जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि सरकार पळत पळत विशीला गेलं (आपली विशी-तिशी नव्हे, गावाचं नाव, हॉटेलं भरपूर म्हणून). तिथे 10 जुलैला कॅसिनोच्या थिएटरात खासदार बसले आणि पहिल्या महायुद्धातला हिरो असलेल्या 84 वर्षांच्या मार्शल पेतांला सगळे अधिकार देऊन मोकळे झाले, 569 विरुद्ध 80. बंदूक कोणी डोक्याला लावली नव्हती, खासदारांना पटवत फिरत होता तो लाव्हाल. मला ते 80 जण जास्त इंटरेस्टिंग वाटतात पण ते जाऊदे.

त्याचं लॉजिक सोपं होतं, जर्मनी जिंकणारच आहे तर आत्ताच भाव ठरवून घेऊ. 1942 च्या जूनमध्ये, तेव्हा पेतांच्या सरकारचा प्रमुख होता, रेडिओवर सरळ बोलला की जर्मनी जिंकावी अशी माझी इच्छा आहे, नाहीतर बोल्शेविक (रशियातले कम्युनिस्ट) सगळीकडे पसरतील. त्याच भाषणात डील सांगितली: तुम्ही कारखान्यात काम करायला जर्मनीला जा, ते आपले युद्धकैदी सोडतील. रेट काय, तर तीन कुशल कामगारांमागे एक कैदी! हेडी असता तर बाजारात हसले असते त्याला. लोक जाईनात, मग पुढच्या वर्षी सक्तीच केली.

आणि हे सगळं एकवेळ हतबलता म्हणून सोडून देता आलं असतं, पण जुलै 42 चं नाही. पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे 13,000 ज्यू धरले, पोलीस फ्रेंच, बसेस पॅरिसच्याच, आणि पोरंबाळं असलेली कुटुंबं सायकल रेसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कोंडली, ऐन उन्हाळ्यात. त्यात 4,000 च्या वर पोरं. जर्मनांनी तेव्हा 16 च्या आतली मुलं मागितलीच नव्हती हो, ती लाव्हालने स्वतःहून देऊ केली, कारण काय तर कुटुंबं तुटू नयेत. आणि मग छावणीत आयांपासून तोडूनच पोरं ठेवली, आईबाप आधी आउशवित्झच्या मृत्युछावणीला, पोरं नंतर.

इथे मी लॅपटॉप बंद केला होता, दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

जर्मनी हरली, आणि ऑक्टोबर 1945 ला लाव्हालवर देशद्रोहाचा खटला चालला, ज्यूरीतलेच लोक त्याला शिव्या घालत होते, म्हणजे खटला म्हणून तो वाईटच होता. 15 तारखेला सकाळी मृत्युदंडासाठी न्यायला आले तर याने लपवून ठेवलेलं सायनाइड घेतलेलं. डॉक्टरांनी पोट धुवून शुद्धीवर आणलं, उभा केला आणि तुरुंगाच्या आवारात गोळ्या घातल्या. गळ्यात त्याचा नेहमीचा पांढरा टाय होता.