म्यानावरची तारीख: झोलिंगेन ते फ्रायबुर्ग

हॅम्बुर्गच्या जुन्या बाजारात मिळालेला हा खंजीर कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, नौदलाचा. मुठीच्या टोकाला राजमुकुट, म्यानावर बारीक अक्षरांत एक आडनाव आणि तारीख: २७.९.१३. आडनाव इथे देत नाही, त्या घरातली माणसं हयात आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोहोचवलं ते या तारखेनेच.

सुरुवात झोलिंगेन या पाती घडवणाऱ्या शहरापासून केली. स्टेशनवरून ट्रॉलीबसने ग्रेफ्राथ या जुन्या भागात जाता येतं. काळ्या पाटीच्या दगडाने मढवलेली घरं, हिरव्या झडपा आणि जुन्या मठात थाटलेलं पात्यांचं संग्रहालय. सोमवारी बंद असतं. इथे पात्यांवरचे छाप वाचायला शिका: खार म्हणजे आइकहॉर्न कारखाना, शिरस्त्राण घातलेला सरदार म्हणजे डब्ल्यूकेसी कारखाना. मात्र छापावरून कारखाना कळतो, मालक नाही. आणि कृपा करून म्यान ब्रासोने घासू नका. उरलासुरला सोन्याचा मुलामा जातो आणि कोरीव अक्षरं झिजतात. मालकाचा माग तिथेच तर असतो!

खंजीर घरीच ठेवा, फोटो न्या. जर्मनीत १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा सुरा उघड बाळगणं कायद्याने मना आहे. तुमच्याकडचा नाझी काळातला असेल, तर त्यावरचं स्वस्तिक चारचौघांत दाखवू नका.

फ्लेन्सबुर्गमधली म्यूर्विकची नौदल प्रशाला लाल विटांची, खाडीकाठी किल्ल्यासारखी उभी आहे. ती १९१० साली सुरू झाली. तिथे आजही अधिकारी घडतात, त्यामुळे आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. वेळ कमी असेल तर हा टप्पा वगळा.

खरं काम फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात होतं. प्रशियाच्या लष्कराचे कागद एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमच्या बॉम्बहल्ल्यात जळाले, पण नौदलाचे कागद कोबुर्गजवळच्या टाम्बाख वाड्यात होते. ते ब्रिटिशांच्या हाती लागले आणि पुढे जर्मनीला परत मिळाले. म्हणून नौदलाच्या खंजिराचा मालक शोधणं बरंच शक्य आहे.

आधी वार्षिक अधिकारी-सूची मागवा. तिच्यात प्रत्येकाच्या नेमणुकीची तारीख असते. नौदलात एका वर्षी भरती झालेल्यांच्या तुकडीला 'क्रू' म्हणतात, आणि १९१०च्या क्रूला लेफ्टनंटपद मिळालं ते २७ सप्टेंबर १९१३ रोजी. पुढे हिटलरचा नौदलप्रमुख झालेला कार्ल ड्योनिट्स याच तुकडीतला, आणि पुढे पाद्री होऊन हिटलरला विरोध करणारे मार्टिन नीम्योलरही. म्यानावरच्या आडनावाचे दोन भाऊ सूचीत निघाले. धाकट्यापुढे नेमकी हीच तारीख होती.

मग 'आरएम २' या संग्रहातले त्याचे गोपनीय अहवाल मागवले. इंग्रजी चांगली, कर्ज नाही, असे वरिष्ठांचे शेरे आणि समासात पेन्सिलीच्या खुणा. म्यानावरच्या आडनावाला अशी माणसाची ओळख मिळाली, तेव्हा मला भरून आलं.

तिथे जाण्याआधी इन्व्हेनियो या ऑनलाइन सूचीत धारिकांचे क्रमांक शोधा, वाचनकक्षातली जागा आणि धारिका आगाऊ नोंदवा. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. कुरेंट या जुन्या जर्मन लिपीतलं हस्ताक्षर तिथे बसून वाचत राहू नका. सगळी पानं टिपून घ्या आणि घरी जुनी लिपी येणाऱ्या एखाद्या आजोबांना दाखवा.