अर्धी गोळी

आज डॉक्टरांनी झोपेची गोळी आणखी थोडी कमी केली. अल्प्राझोलाम एकदम बंद करायची नाही, हे परत बजावलं. वर्षानुवर्षं सवय झालेल्या शरीराला ते झेपत नाही. झोप आणखी उडते, कधी फिटही येऊ शकते. त्यामुळं घरात कुणी ही गोळी घेत असेल तर ‘सोड की आता’ म्हणून कृपा करून मागं लागू नका.

रंकाळ्यावर भेटणारे म्हणतात, ‘जरा दमून बघ, आपोआप झोप लागतीय.’ मायेनंच म्हणतात. पण दिवसभर दमूनही रात्री डोळे टक्क उघडे राहतात, हे कसं सांगू?

रात्री आई चष्मा लावून, ब्लेडनं गोळी अर्धी करून देते. भरून येतं. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. आई म्हणाली, मीपण येते.