जेकार्ड डिझाईनचा जुना कॉम्प्युटर सुरू होईना तेव्हा

आमच्याकडचा कॉम्प्युटर जुना आहे, पण अडगळीतला नाही. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच एक्सपीकडे पाहणं सोडलं, तरी आमच्या घराची रोजीरोटी अजून त्याच्यावर चालते. माझे सासरे, म्हणजे मामा, जेकार्डची, म्हणजे मागावर कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राची, डिझाईन काढून देतात. चादर, टॉवेल, नॅपकिन, आणि लग्नसराईत आहेराच्या टॉवेलांवर विणायची नावं. सोलापूरच्या पूर्व भागातले लहान कारखानदार गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे येतात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. चादरीवरचा मोर किंवा कमळ मागावर उतरण्याआधी ग्राफवर काढावं लागतं. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड. कार्डाला जिथे भोक असेल तिथला हूक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचे धागे उचलले जातात आणि खालून आडवा धागा निघून जातो. पूर्वी मामा चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचे. पुढे हे सगळं कॉम्प्युटरवर आलं. ते सॉफ्टवेअर सुरू व्हायला कॉम्प्युटरच्या मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टात एक लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेली लहानशी डबी, खोचलेलं लागतं. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. आजच्या बहुतेक कॉम्प्युटरना ते पोर्ट नसतं, आणि यूएसबीला लावायचं जे कन्व्हर्टर बाजारात मिळतं ते प्रिंटरपुरतं असतं, लॉक त्यातून सहसा ओळखलं जात नाही. "नवा घ्या की" हा सल्ला आम्हाला सगळ्यांनी दिला, पण तो आमच्या उपयोगाचा का नव्हता ते यावरून कळेल.

मे महिना होता. सोलापुरात या दिवसांत पारा ४० च्या पुढेच असतो आणि आमची कामाची खोली पत्र्याखाली आहे. काही दिवसांपासून सकाळी बटण दोन-तीनदा दाबावं लागत होतं. कॉम्प्युटरचं घड्याळही मागे पडत होतं. मग एका सकाळी बटण दाबलं की आतला पंखा एक गिरकी घ्यायचा आणि थांबायचा, एवढंच होऊ लागलं.

चौकातले रिपेअरवाले दादा येऊन पाहून गेले. म्हणाले, "ताई, बोर्ड गेलाय बहुतेक. आणि चालू झाला तरी विंडोज नवीन टाकावी लागंल, फॉरमॅट मारल्याशिवाय जमत नाही बघा." फॉरमॅट, म्हणजे डिस्क पूर्ण पुसणं, हा शब्द ऐकून मामांचा चेहरा उतरला. "त्यात डिझाईन हाय की गं सगळी," एवढंच ते म्हणाले.

मी लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे आणि घरात मल्टिमीटर आहे. दादांना विनंती केली की अजून कशालाही हात लावू नका, आधी मी बघते. हे मी मनापासून सांगते: कॉम्प्युटर सुरू होत नाही आणि हार्ड डिस्क खराब झाली, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पंखा फिरून थांबतो तिथे अजून डिस्कला विचारलंही गेलेलं नसतं. वीज आधी पॉवर सप्लायमध्ये येते, तिथून बोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मदरबोर्डवर, जाते, बोर्ड प्रोसेसर आणि रॅम तपासतो, मग स्क्रीनवर चित्र येतं, त्यानंतर डिस्क वाचली जाते आणि सगळ्यात शेवटी विंडोज येते. गाडी या वाटेवर कुठवर पोचते ते पाहायचं आणि तिथेच शोधायचं. फॉरमॅट हा शेवटच्या टप्प्यावरचा उपाय, तो पहिल्या टप्प्यावरच्या दुखण्याला कसा लागू पडेल?

पहिल्यांदा साध्या गोष्टी पाहिल्या. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला लावली. काही फरक नाही. मग वायर काढून पेटी उघडली. आमच्या खाली माग चालतात, त्यांची रुई उडून वर येते आणि प्रत्येक फटीत बसते. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये तर तिचा नमदा झाला होता. पेटी अंगणात नेऊन ब्रशने आणि ब्लोअरने साफ केली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती वेडीवाकडी वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे लहान उभे डबे, नीट न्याहाळले. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या बोर्डांवरचे कपॅसिटर फुगून जाण्याची तक्रार जगभर होती. डोकं सपाट असेल तर ठीक, वर आलं असेल किंवा तपकिरी चिकटा दिसत असेल तर तो गेला. आमचे सगळे सपाट होते. दादांचं "बोर्ड गेला" माझ्या मनाने तिथेच निम्मं खोडून काढलं.

पुन्हा वीज जोडल्यावर बोर्डावरचा लहान हिरवा दिवा लागला, पण मिणमिणता. हा दिवा कॉम्प्युटर बंद असतानाही लागतो, कारण पॉवर सप्लाय बोर्डाला कायम ५ व्होल्ट देत असतो. बटण दाबल्याचं बोर्डाला समजतं ते या ५ व्होल्टच्या जोरावर. मोठ्या कनेक्टरमधली जांभळी वायर त्याची. मल्टिमीटरचं काळं टोक काळ्या वायरीला आणि लाल टोक जांभळीला लावलं. काटेकोर मर्यादा ४.७५ ते ५.२५ ची असते. माझ्यासमोर ४.३ च्या आसपास आकडा हलत होता.

मग पॉवर सप्लाय बोर्डापासून सोडवून वेगळा तपासला. वीज बंद करून हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची, भार म्हणून एखादा जुना पंखा किंवा सीडी ड्राइव्ह लावायचा आणि मग वीज चालू करायची. चांगला असेल तर तो लगेच फिरतो. आमचा अडखळत फिरला आणि पिवळ्या वायरीवर, जिथे १२ व्होल्ट हवेत, तिथे ११ सुद्धा मिळेनात. ११.४ च्या खाली गेला की त्याच्यावर भरवसा ठेवू नये. सकाळी दोन-तीनदा बटण दाबावं लागणं याचा अर्थ आता लागला. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि पत्र्याखालच्या खोलीत रुईने तोंड बंद झालेल्या डब्यात काय होत असेल ते सांगायला नको.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत डीसी होते तेव्हा ती सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जाते आणि वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहू शकते. मीही तो उघडला नाही. नवीन आणायला नवी पेठेत गेले. दुकानात दोन डबे समोर ठेवले, दोन्हींवर ४५० वॉट छापलेलं, पण एक हातात घेतला तर अगदी हलका. मी जड घेतला. आत तांबं आणि लोखंड किती आहे ते वजनावरून बरंच कळतं.

नवा बसवताना २४ पिनांच्या कनेक्टरबरोबर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा वेगळा कनेक्टरही लावावा लागतो. तो राहून गेला तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. आमची स्क्रीन तो लावूनही काळीच राहिली. पण पंखे आता अखंड फिरत होते, म्हणजे वाटेवर आम्ही एक टप्पा पुढे आलो होतो. मामा शेजारी स्टुलावर बसून सगळं पाहत होते. "फिरायलाय की!" म्हणाले. त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी धीर आला होता.

बोर्डाला तोंड असतं, ते म्हणजे लहान स्पीकर. आमच्या पेटीत तो नव्हताच. दादांकडे पडलेला एक मागून आणला आणि त्यांनी आनंदाने दिला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून कॉम्प्युटर चालू केला, तर लांब लांब बीप ऐकू आले. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. रॅम नाही अशी तक्रार बोर्ड करतोय याचा अर्थ बोर्ड आणि प्रोसेसर दोघेही जिवंत आहेत. पट्ट्यांचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले, रबराचा चुरा झटकला, खाचेतली रुई ब्रशने काढली. आधी एकच पट्टी लावली. स्क्रीनवर अक्षरं आली. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत, तीही चालली.

आता स्क्रीनवर सीमॉस चेकसमचा, म्हणजे बोर्डाने जपलेल्या सेटिंग बिघडल्याचा, संदेश होता आणि तारीख कित्येक वर्षं मागची. बोर्डावर रुपयाएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ आणि बोर्डाच्या सेटिंग तो सांभाळतो. वायर जोडलेली असते तोवर तेच काम मघाच्या ५ व्होल्टवर होतं, त्यामुळे मरत आलेला सेल लक्षात येत नाही. मी दुरुस्तीसाठी वायर काढून ठेवली, सेलला एकट्याला भार पेलला नाही आणि सेटिंग गेल्या. नवा सेल घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो.

सेल बदलून, तारीख लावून पुढे गेले. एक्सपीचं चिन्ह दिसलं आणि लगेच निळी स्क्रीन, कोडच्या शेवटी ७बी. इथे बहुतेक जण फॉरमॅट मारतात. खरं तर तो कोड एवढंच सांगतो की विंडोजला आपली डिस्क सापडत नाही. पण त्याचं कारण शोधण्याआधी मी थांबले, कारण डिस्क आता हाताशी होती आणि पहिलं काम तिच्यातला माल वाचवण्याचं होतं.

डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने पुतण्याच्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपने डिस्क दुरुस्त करू का असं विचारलं, त्याला नको म्हटलं. पूर्ण प्रत निघेपर्यंत जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहू द्यायचं नाही. डिझाईनच्या फाईल लहान असतात, सगळ्या मिळून एका पेनड्राइव्हमध्ये मावल्या. तरी दोन ठिकाणी प्रती काढल्या आणि काही फाईल तिथेच आकारासकट पडताळून पाहिल्या. मग डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम चालवला. खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे लहान कप्पे, शून्य, खराब होण्याच्या वाटेवरचेही शून्य. मामांना सांगितलं, "मामा, आता कॉम्प्युटर नाही चालला तरी डिझाईन कुठे जात नाहीत." ते काही बोलले नाहीत, उठून चहा टाकायला सांगून आले.

डिस्क परत लावली आणि सुरू होताना डिलीट दाबून बोर्डाच्या सेटिंगमध्ये गेले. साटाच्या, म्हणजे डिस्कच्या जोडणीच्या, ओळीत एएचसीआय ही डिस्कशी बोलायची नवी पद्धत होती. आमची एक्सपी बसवली तेव्हा तिथे जुनी आयडीई पद्धत असणार, कारण एक्सपीजवळ एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतोच. सेल गेल्यावर बोर्ड आपल्या कारखान्यातल्या सेटिंगवर परतला होता, एवढंच. आयडीई केलं, जतन केलं. एक्सपी उघडली, डेस्कटॉपवर सिद्धेश्वराच्या तळ्याचा तोच फोटो.

सॉफ्टवेअर मात्र म्हणालं, लॉक सापडत नाही. पुन्हा त्याच सेटिंग. प्रिंटर पोर्ट तिथे बंद झालेलं होतं. ते चालू करून पत्ता ३७८ ठेवला आणि पद्धत ईपीपी, ईसीपी, साधी अशी एकेक करून पाहिली. साध्या पद्धतीवर लॉक ओळखलं गेलं आणि मामांनी अर्धं राहिलेलं आहेराच्या टॉवेलचं डिझाईन उघडलं. कारखानदाराचा फोन त्याच संध्याकाळी आला. मामा म्हणाले, "उद्या कार्डं घेऊन जावा, तयार हायत."

त्यानंतर सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला आणि एक छापील प्रत पेटीच्या आत चिकटवली. पेटी जमिनीवरून उचलून टेबलावर आली. समोरच्या जाळीवर पातळ कापडाची चौकट बसवली आहे, ती दर रविवारी धुते. डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली. रिपेअरवाल्या दादांनी प्रिंटर पोर्ट असलेला त्याच जातीचा एक जुना बोर्ड भंगारातून मिळवून देण्याचं कबूल केलं आहे. लॉकची मात्र प्रत निघत नाही, म्हणून ते ज्यांनी विकलं त्यांच्याकडे यूएसबीचं लॉक बदलून मिळेल का, याची विचारणा मामांच्या जुन्या पावतीसकट पाठवली आहे.